न दुखणाऱ्या जखमेचा धडा

वेल्लोरजवळच्या एका कोठाराचं कुलूप गंजलं होतं. सर्जन डॉ. पॉल ब्रँड किल्ली फिरवून थकले, पण कुलूप काही उघडेना. शेजारी उभा असलेला दहा-बारा वर्षांचा किडकिडीत मुलगा पुढे आला. त्याने किल्ली धरली आणि एका झटक्यात कुलूप उघडलं. मोठ्या माणसाला न जमलेलं या पोराला कसं जमलं? ब्रँड विचारात पडले. तेवढ्यात जमिनीवर रक्ताचा थेंब दिसला. त्यांनी मुलाचा हात उलटा करून पाहिला. किल्लीच्या कडेने बोट हाडापर्यंत कापलं गेलं होतं आणि मुलाला त्याचा पत्ताच नव्हता.

मुलगा कुष्ठरुग्ण होता. त्याच्या अंगात काही जगावेगळी ताकद नव्हती. किल्ली रुतून बोट दुखायला लागलं की आपण पकड सैल करतो. त्याला ते सांगणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक. ब्रँड यांनी पुढे पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून हा प्रसंग अनेकदा सांगितला. त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचं सार त्यात आहे. आज मधुमेहाच्या दवाखान्यात डॉक्टर रुग्णाला बूट-मोजे काढायला सांगतात आणि तळपायाला नायलॉनचा तंतू टोचून पाहतात, त्यामागेही बऱ्याच अंशी हाच धडा आहे.

सुतारकामाची वर्षं

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. आई-वडील इंग्रज ख्रिस्ती मिशनरी. डोंगरातल्या लोकांना औषधपाणी देणं, शाळा चालवणं, घरं बांधायला शिकवणं हे त्यांचं काम. नऊ वर्षांच्या पॉलला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आलं. तो तिकडे असतानाच, १९२९ मध्ये, वडील हिवतापाच्या एका घातक प्रकाराने डोंगरातच गेले.

पॉलला डॉक्टर व्हायचं नव्हतं. मिशनसाठी इमारती बांधायच्या म्हणून तो काही वर्षं सुतारकाम आणि बांधकाम शिकला. परदेशी जाणाऱ्या मिशनऱ्यांना प्रथमोपचारापुरतं वैद्यक शिकवणारा एक छोटा अभ्यासक्रम होता, त्यात त्याला वैद्यकाची गोडी लागली. मग लंडनमध्ये रीतसर शिक्षण झालं. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या काळात शस्त्रक्रियेचा अनुभव मिळाला आणि १९४६ मध्ये सर्जन म्हणून तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये रुजू झाला.

या संस्थेचा उगमही अशाच एका प्रवासात आहे. मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातली आयडा स्कडर ही अमेरिकन तरुणी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला आजारी आईच्या मदतीला भारतात आली. इथे कायम राहण्याचा तिचा मुळीच विचार नव्हता. एका रात्री एकामागून एक तीन पुरुष दाराशी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाने बायकोला तपासणं तिघांनाही मान्य नव्हतं आणि आयडाला वैद्यक येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. आयडा अमेरिकेला परतली ती डॉक्टर होण्यासाठी. १९०० मध्ये तिने वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना सुरू केला आणि १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली.

हात पिळला गेला

ब्रँड वेल्लोरला आले तेव्हा कुष्ठरोगाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांना बोलावणारे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन हे कुष्ठरोगतज्ज्ञ. त्यांनी ब्रँडना चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात नेलं. तिथे एक तरुण चप्पल काढायचा प्रयत्न करत होता, पण अंगठा आणि बोटं यांच्या चिमटीत पट्टा येत नव्हता. बोटं पंजासारखी आत वळलेली होती. ब्रँडनी आपला हात त्याच्या हातात दिला आणि जोर लावून दाबायला सांगितलं. पुढच्या क्षणी वेदनेने ओरडायची पाळी त्यांच्यावरच आली.

कुष्ठरोगात हाताचं मांस सडतं, हात निकामी होतो, अशी तेव्हाची समजूत. या ‘निकामी’ हाताची पकड मात्र लोखंडासारखी होती. म्हणजे काही स्नायू मेले होते आणि काही ठणठणीत होते. कोणते मेले, कोणते शाबूत राहिले आणि का? कॉक्रेन यांच्याकडे याचं उत्तर नव्हतं. ते त्वचारोगांचे डॉक्टर होते आणि हाडांच्या सर्जनांनी या रुग्णांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

ब्रँड आणि सहकाऱ्यांनी शेकडो रुग्णांचे हात तपासले. मृत रुग्णांच्या हातापायांतले मज्जातंतू उकलून पाहिले. त्यातून एक ठरावीक नकाशा समोर आला. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात. त्यामुळे मज्जातंतू जिथे कातडीच्या अगदी जवळून जातो तिथेच तो सुजतो आणि मरतो. कोपराला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तो मज्जातंतू सर्वांत आधी सापडणाऱ्यांपैकी एक. कोपराच्या वर ज्या स्नायूंना चेतना मिळते, ते मात्र सहसा सुरक्षित राहतात.

शस्त्रक्रियेची कल्पना यातूनच आली. बोट वाकवण्यासाठी दोन दोऱ्या असतात, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन. त्यातली एक दोरी उसनी घ्यायची, मेलेल्या स्नायूच्या जागी नेऊन शिवायची आणि मेंदूला तिचं नवं काम शिकवायचं. कुष्ठरुग्णाची जखम भरणारच नाही, असं अनेकांनी बजावलं होतं. ती इतरांसारखीच भरली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या शस्त्रक्रियांनी हजारो हात उघडले. मुंबईचे प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांच्यासारख्या भारतीय सर्जननीही कुष्ठरुग्णांवरच्या शस्त्रक्रियांचं काम पुढे नेलं. वेल्लोरच्याच डॉ. मेरी वर्गीस यांना अपघातामुळे कमरेखाली अर्धांगवायू झाला होता. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून अशा हातांवर शस्त्रक्रिया केल्या.

सरळ हाताला भीक मिळेना

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण रुग्ण मात्र खूश नव्हते. काही जण परत आले आणि त्यांनी सुधारलेल्या हाताचीच तक्रार केली. वाकडा हात पुढे केला की लोक भीक घालत. आता हात सरळ झाला, त्यामुळे भीक बंद झाली. चेहऱ्यावर मात्र रोगाच्या खुणा होत्याच, म्हणून कामही कुणी देईना.

दोऱ्या अचूक शिवल्या म्हणजे माणूस बरा झाला असं नाही, हा ब्रँड यांच्यासाठी पहिला मोठा धडा होता. मग रुग्णालयाजवळ मातीच्या झोपड्यांची एक लहानशी वसाहत उभी राहिली. शस्त्रक्रिया झालेले तरुण तिथे राहून हाताने करायची कामं शिकू लागले. इथे ब्रँड यांचं सुतारकाम उपयोगी पडलं. रंधा, करवत, पटाशी कशी धरायची हे सर्जन स्वतः शिकवू लागला.

पण त्या वसाहतीत एक नवं कोडं समोर आलं. नव्याने उघडलेल्या बोटांवर रोज नव्या जखमा दिसू लागल्या. रोगाचाच हा परिणाम, असं म्हणून सोडून देणं सोपं होतं. ब्रँडनी तसं केलं नाही. प्रत्येक जखमेला कारण असलंच पाहिजे, असं गृहीत धरून त्यांनी मुलांनाच तपासाला लावलं. कारणं भराभर सापडत गेली. हातोडीच्या दांड्याला कुस होती. चुलीवरचं भांडं उघड्या हाताने उचललं होतं. एका रुग्णाने तर विस्तवात पडलेला पदार्थ सरळ हात घालून बाहेर काढला होता.

एक गूढ मात्र उकलेना. काही जणांच्या बोटाचा तुकडा रात्रीतून नाहीसा होई. म्हणून रात्री पहारा बसवला, तेव्हा उलगडा झाला. झोपलेल्या माणसाचं बोट उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाला मांजर पाळायला देण्याची प्रथा पडली.

कुष्ठरोगात बोटं झडतात, असं पिढ्यानपिढ्या मानलं जात होतं. प्रत्यक्षात रोगाचा जंतू फक्त संवेदना नेतो. त्यानंतरची नासाडी चटके, कापणं, घासणं आणि दुर्लक्षित जखमेतला जंतुसंसर्ग करतात. त्यातच हाड झिजून बोट आखूड होत जातं. म्हणजे हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे. डोळ्यांचंही तसंच. पॉल यांच्या पत्नी डॉ. मार्गारेट ब्रँड कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांवर काम करत. बुबुळ कोरडं पडल्याची जाणीव झाली नाही की माणूस पापणी मिटत नाही आणि हळूहळू अंध होतो. अशा रुग्णांमध्ये चावण्याच्या स्नायूचा एक पट्टा पापणीला जोडत. मग तोंडात काहीतरी चघळत राहिलं की पापण्या मिटत.

पाय लंगडत नाही तेव्हा

सर्वांत चिवट जखमा तळपायाला होत्या. मलमं लावली, पट्ट्या बदलल्या, तरी महिनोन् महिने त्या भरत नसत. पण पाय प्लॅस्टरमध्ये ठेवला की त्याच जखमा काही आठवड्यांत भरून येत. ही पद्धत भारतात आणि श्रीलंकेत आधीपासून काही डॉक्टर वापरत होते. ब्रँड यांनी तिच्यामागचं कारण शोधलं. जखम भरायला औषधापेक्षा विश्रांतीची गरज होती आणि नेमकी तीच तिला मिळत नव्हती.

निरोगी माणूस लांब चालला की त्याच्या नकळत चाल बदलते. टाचेला त्रास झाला की भार चवड्यावर जातो, एका बाजूची आग होऊ लागली की पाऊल दुसऱ्या बाजूला कलतं. वेदना व्हायच्या आतच शरीर भार फिरवत राहतं. बधिर पाऊल हे करत नाही. पहिल्या पावलापासून दहा हजाराव्या पावलापर्यंत भार त्याच जागी पडतो. ती जागा आधी गरम होते, मग सुजते आणि शेवटी फुटते. म्हणजे एखादा मोठा घाव न होताही, निव्वळ साध्या चालण्याने जखम होते. त्यावर जखमी माणूस लंगडतही नाही, कारण दुखतच नाही.

यावर उपाय म्हणून मऊ रबराचा तळ असलेल्या चपला आल्या. मायक्रोसेल्युलर रबराच्या या चपला आज ‘एमसीआर चप्पल’ म्हणून कुष्ठरुग्णांना आणि मधुमेहींनाही दिल्या जातात.

या काळात इंग्लंडमध्ये ब्रँडना स्वतःलाही एक रात्र विसरता आली नाही. लांबच्या प्रवासानंतर थकून मोजे काढताना आपल्या टाचेला स्पर्श जाणवत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. सुई टोचली, तरी काही जाणवलं नाही. कुष्ठरोग झाला, अशी खात्री पटून ती रात्र त्यांनी जागून काढली. घर, मुलं, शस्त्रक्रिया, सगळं सुटणार होतं. सकाळी त्यांनी पुन्हा सुई टोचली आणि कळवळून ओरडले. प्रवासात एका जागी बसून पायाचा मज्जातंतू दाबला गेला होता, इतकंच. वेदनेचा इतका आनंद त्यांना पूर्वी कधी झाला नव्हता. आपल्या रुग्णांना रोगाचं निदान कळतं ती रात्र कशी जात असेल, हेही त्यांना तेव्हाच उमगलं.

साखरेने बधिर झालेली पावलं

जवळपास वीस वर्षं भारतात काढून १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, कार्व्हिलच्या सरकारी कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्यासमोर मधुमेहींची पावलं आली. तळपायाच्या त्याच जागी तशाच गोल, खोल, न दुखणाऱ्या जखमा होत्या. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा आटतो म्हणून जखमा होतात आणि गँगरीन झालं की पाय कापायचा, असा तेव्हा सर्वसाधारण विचार होता. रक्तपुरवठ्याची अडचण खरीच असते. पण अनेक पावलांत रक्त पुरेसं खेळत होतं, फक्त संवेदना नव्हती. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने मज्जातंतू बधिर केले होते आणि रुग्ण जखमेवरच चालत होते. वेल्लोरला शिकलेला उपाय इथेही लागू पडला. प्लॅस्टर करून जखमेवरचा भार काढला की जखम भरे, आणि नंतर योग्य पादत्राणं दिली की पुन्हा होत नसे. न दुखणाऱ्या जखमेसाठी पायाला घट्ट बसणारं प्लॅस्टर हा आज जगभर मान्य असलेला उपचार आहे. नायलॉनच्या तंतूची चाचणीही कार्व्हिलच्या अभ्यासातून रुळली. १० ग्रॅम दाबाला वाकणारा तंतू ज्या तळपायाला जाणवत नाही, तो धोक्यात आहे असं धरतात.

कार्व्हिलला ब्रँड यांच्या चमूने कृत्रिम वेदना तयार करायचाही प्रयत्न केला. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाब मोजणारी यंत्रणा बसवली. दाब वाढला की कानात आवाज येई. रुग्णांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. म्हणून दिवा लावून पाहिला, त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी विजेचा झटका देऊन पाहिला. हातातलं काम पुरं करायचं असेल, तर रुग्ण यंत्र बंद करत, काम उरकत आणि मग पुन्हा सुरू करत. काही वर्षांनी प्रकल्प गुंडाळला गेला. वेदनेचं बटण माणसाच्या हाती नाही, म्हणूनच ती माणसाला वाचवते, हे त्यातून पुरेसं स्पष्ट झालं.

परदेशी सेवेला जाणारा माणूस काहीतरी द्यायला जातो. ब्रँडही शस्त्रक्रिया द्यायला आले होते. पण कुलूप उघडणाऱ्या मुलाने, भीक बंद झाली म्हणून रागावलेल्या रुग्णांनी आणि रात्रीचा पहारा देणाऱ्या तरुणांनी त्यांना जे शिकवलं, ते लंडनच्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं. पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी आलेल्या डॉक्टरने त्याच जखमा पाहिल्या असत्या, मलमपट्टी केली असती आणि समाधानाने परत गेला असता. एका जखमेमागचा उंदीर दिसायला मुक्काम करावा लागतो. २००३ मध्ये ब्रँड गेले, तोपर्यंत त्यांचे धडे कुष्ठधामांबाहेर फार दूर पोचले होते.

आपल्या घरातलं पाऊल

भारतात आजही दरवर्षी सुमारे एक लाख नवे कुष्ठरुग्ण आढळतात. औषधांनी रोग पूर्ण बरा होतो, पण उशीर झाला तर गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. मधुमेहींची संख्या याहून कितीतरी मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या अनेकांना आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होते, आणि पहिले काही दिवस ती बहुधा कुणी पाहत नाही.

म्हणून डोळ्यांनी त्वचेचं काम करावं लागतं. रोज रात्री चांगल्या उजेडात दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवावा किंवा घरच्या कुणाला पाहायला सांगावं. दोन्ही पावलांवरून हात फिरवून एखादी जागा जास्त गरम लागते का, हे तपासावं. बूट घालण्याआधी उलटा करून झटकावा आणि आत हात घालून खडा किंवा खिळा नाही ना, याची खात्री करावी. पाय धुण्याचं पाणी पायाने न तपासता कोपराने तपासावं. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. घरातही चप्पल वापरावी. उन्हाळ्यात मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्याने तळपाय भाजून आलेले रुग्ण डॉक्टरांना नवे नाहीत. देवळात जायचं तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावं. कुरूप किंवा घट्टा घरच्या घरी ब्लेडने कापू नये. नवी पादत्राणं संध्याकाळी घ्यावीत, कारण दिवसअखेर पाय थोडे सुजलेले असतात. पहिल्या दिवशी ती तास-दीड तासच वापरून पाय पाहावेत.

जखम दिसली आणि ती दुखत नसेल, तर ‘दुखत नाही, म्हणजे बरं आहे’ असं समजू नये. न दुखणारी जखम त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी आणि तोपर्यंत त्या पायावर भार देऊ नये. वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना आणि रक्तप्रवाह तपासून घ्यावा. साखरेचा अहवाल पाहून डॉक्टर औषधांची चिठ्ठी लिहू लागले आणि पायांचा विषय निघालाच नाही, तर उठण्याआधी मोजे काढावेत आणि ‘पायही बघता का?’ असं विचारावं.